खैरनार अण्णा आणि तिसरा बोल्ट

खैरनार अण्णांनी एका वर्षी आमच्या सोसायटीचा गणपती रिजेक्ट केला होता.

मूर्ती टेम्पोतून उतरत होती, ढोल वाजत होता, ओवाळायचं ताट तयार होतं, आणि अण्णा खिशातून मापाचा व्हर्निअर काढून पुढे झाले. आधी डावा कान मोजला, मग उजवा. हात वर करून ढोलवाल्यांना थांबवलं आणि जाहीर केलं, "चार मिलिमीटरचा फरक आहे. माल परत."

अध्यक्षांनी हात जोडले. "अण्णा, देव आहे हो तो!"

"म्हणून तर," अण्णा म्हणाले. "दुसरं कोणी असतं तर सोडून दिले असते चार मिलिमीटर."

गणपती बसला, पण चौरंगाच्या मागच्या बाजूला अण्णांनी खडूनं एक बारीक फुली मारली. विसर्जनापर्यंत ती पुसायची कोणाची हिंमत झाली नाही.

अण्णा मूळचे सटाण्याकडचे. नाशिकला अंबडच्या एका कारखान्यात तीसेक वर्षं इन्स्पेक्शन खात्यात होते. तिथे यंत्रावरून उतरलेला प्रत्येक भाग त्यांच्या हाताखालून जायचा. बरोबर असला तर टिक, नसला तर फुली. निवृत्त झाले तेव्हा कारखान्यानं त्यांना सोडलं, त्यांनी खडू सोडला नाही. वॉचमनची खुर्ची, भाजीवाल्याचा काटा, जिन्याची नवी फरशी, सगळ्यावर त्यांच्या खुणा होत्या. माणसांबद्दलही तीच भाषा. सोसायटीत एखाद्याचा जावई पहिल्यांदा आला की अण्णा त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळायचे आणि सासऱ्याच्या कानात म्हणायचे, "टॉलरन्समध्ये आहे. चालेल एवढा फरक."

आम्ही पाथर्डी फाट्याला राहायला आलो तेव्हा ते आमच्या समोरच्या फ्लॅटमध्ये एकटेच होते. बायको आदल्या वर्षी गेलेली, मुलगी सुरतेला. मी विमा कचेरीत, माझी बायको मेधा सुरगाण्याच्या पुढे एका आश्रमशाळेत शिक्षिका. ती सोमवारी पहाटे गाडी घेऊन जायची, आठवडाभर तिथेच राहायची आणि शनिवारी परत यायची. त्या रस्त्याला घाट आहे, म्हणून मी मुद्दाम टर्बो इंजिनाची गाडी घेतली होती. जुनी, पण दमदार. निदान घेतली तेव्हा तरी.

पावसाळा संपता संपता गाडीचा दम गेला. सपाटीला ठीक चालायची, पण चढाला पाय दाबला की नुसता आवाज, ओढ नाही. शोरूमवाल्यांनी बॉनेट उघडून बंद केलं आणि सांगितलं, टर्बोच बदलावा लागेल. अण्णांनी ते पार्किंगमध्ये ऐकलं आणि त्यांच्या डोळ्यांत चमक आली.

"साहेब, मोजल्याशिवाय रिजेक्ट? हा कुठला न्याय? रविवारी गाडी माझ्या ताब्यात द्या."

त्या रविवारी अण्णांनी गाडीची पुढची चाकं ओंडक्यांवर चढवली, पोत्यावर आडवे झाले आणि अर्धे गाडीखाली गेले. दुसऱ्या मजल्यावरच्या दातांच्या डॉक्टरांकडून त्यांनी तोंडात घालायचा छोटा आरसा मागून आणला होता. मी टॉर्च धरून उकिडवा.

"टर्बो म्हणजे हवा कोंबणारा पंखा," खालून आवाज आला. "तुम्ही पाय उचलला की कोंबलेल्या हवेला मागे फिरायला वाट लागते. ती वाट उघडणारा नि मिटणारा एक दरवाजा असतो, डायव्हर्टर व्हॉल्व्ह. तो नीट मिटला नाही तर चढावरसुद्धा हवा मागच्या मागे पळून जाते. मग गाडी काय ओढणार, कप्पाळ?"

"पण तो आहे कुठे?"

"तेच तर बघतोय."

बघता बघता दोन तास गेले. ज्याचा त्याचा सल्ला आला. कोणी म्हणे बॅटरीच्या मागे असतो, कोणी म्हणे अशा गाड्यांना नसतोच. अण्णा पाइपवर बोट ठेवून तो जातो तिथे जात होते, वाट चुकली की परत पहिल्यापासून. एकदम खालून लहान मुलासारखी आरोळी आली.

"सापडना! आठे शे!"

आनंद झाला की अण्णांची अहिराणी बाहेर पडायची. सापडला, इथे आहे, असं ते सांगत होते. व्हॉल्व्ह टर्बोला अगदी खालच्या अंगाला चिकटून बसला होता, लिंबाएवढा, तीन बोल्टांनी बसवलेला. दोन बोल्ट समोर, तिसरा एका पाण्याच्या पाइपमागे असा दडलेला की आरशातच दिसावा. अण्णांनी दोन बोल्ट सैल केले, फटीतून टॉर्च मारला आणि आतला रबरी पडदा फाटल्याचं मला आरशात दाखवलं. त्या क्षणी ते इतके खूश होते की मी त्यांना चहा दिला तो त्यांनी बॉनेटवर ठेवून तसाच गार होऊ दिला.

मी नवा व्हॉल्व्ह मागवला. पुढच्या रविवारी परत ओंडके, परत पोतं. दोन बोल्ट निघाले, तिसरा निघेना. कुठलाच पाना तिथे पोचत नव्हता. अण्णांच्या बोटांची सालं निघाली. संध्याकाळी त्यांनी जुना व्हॉल्व्ह पुन्हा घट्ट केला, नवा स्वतःच्या कपाटात ठेवला आणि म्हणाले, "मापाचा वाकडा पाना करून घ्यायला लागेल. पुढच्या रविवारी नक्की."

बुधवारी दुपारी मेधाचा फोन आला. मुलींना तालुक्याला स्पर्धेसाठी नेऊन परत येताना घाटात गाडी पहिल्या गिअरमध्येही चढेना. मागे ट्रक, मागच्या सीटवर चार मुली. ट्रकवाल्यानं उतरून चाकांखाली दगड लावले, मुलींना खाली उतरवलं, तेव्हा कुठे गाडी वर गेली. ती सांगत होती हसत, पण दगडांचं तिनं दोनदा सांगितलं.

मी कचेरीतून घरी आलो तर अण्णा फाटकापाशी चारपाच जणांना तो तिसरा बोल्ट हातवारे करून समजावत होते. मला बघून म्हणाले, "साहेब, पान्याचं ड्रॉइंग काढलंय, बघा."

माझं डोकं फिरलं. "अण्णा, तुमचा वेळ जात नाही म्हणून माझ्या बायकोचा जीव टांगणीला लावू नका. तुम्हाला खेळणं पाहिजे, आम्हाला गाडी पाहिजे. राहू द्या आता. मी गॅरेजला देतो."

अण्णांनी कागदाची घडी घातली, एकदा, दोनदा, तीनदा, आणि खिशात ठेवली. "बरोबर आहे," एवढंच म्हणाले.

शनिवारी मेधा आली. घाटात कशी चालली विचारलं तर म्हणाली, "छान चढली. काही नको नेऊस आता गॅरेजला." मला वाटलं, ती काळजी नको म्हणून सांगतेय. रविवारी मी गाडी सातपूरच्या एका गॅरेजला नेलीच. तिथल्या माणसानं तासाभरात काहीतरी खुडबुड केली आणि सांगितलं, "एक क्लिप सैल होती. बसवली." मी त्र्यंबकच्या रस्त्याला चक्कर मारली. गाडी भन्नाट पळाली.

परत आलो तेव्हा अण्णा जिन्यात भेटले. मी थांबलो. न थांबता वर गेलो असतो तर किती बरं झालं असतं.

"बघा अण्णा, एका तासात काम झालं. साधी क्लिप होती. माहितगार माणूस लागतो शेवटी."

अण्णांनी माझ्याकडे पाहिलं. "चांगला माणूस दिसतोय," ते म्हणाले. "गाडी ओढते ना? मग झालं."

त्यानंतर आम्ही बोलायचो, पण दाराच्या चौकटीतूनच. पुढल्या उन्हाळ्यात अण्णा आजारी पडले, मुलगी येऊन त्यांना सुरतेला घेऊन गेली. फ्लॅट भाड्यानं गेला. अण्णांचं सामान खाली उतरवायला मी मदत केली आणि मनात म्हणालो, चला, शेजारधर्म झाला.

त्याच रात्री जेवताना मेधानं सांगितलं.

मी चारचौघांत बोललो त्याच्या दुसऱ्या दिवशी, गुरुवारी, अण्णा तिच्या शाळेत आले होते. सकाळी अंबडला जुन्या ओळखीच्या टूलरूममध्ये जाऊन त्यांनी पाना वाकवून घेतला, तिथून एसटीनं सुरगाणा, पुढे माणसांनी खच्चून भरलेल्या जीपमधून शाळेपर्यंत. दुखरे गुडघे घेऊन. फाटकाजवळच्या कोरड्या चरावर त्यांनी मेधाला गाडी आडवी उभी करायला लावली, इंजिन गार होईपर्यंत थांबले आणि चरात उतरून आडवे झाले. मुली भोवती जमल्या. अर्ध्या तासात तिसरा बोल्ट निघाला. नवा व्हॉल्व्ह बसवून अण्णांनी मेधाला शेजारी बसवलं आणि स्वतः चढावर गाडी नेऊन आणली.

"मग मला का नाही सांगितलंस?"

"त्यांनी शब्द घेतला होता. म्हणाले, साहेब चारचौघांत बोलून बसलेत. आता कळलं तर त्यांना रोज जिन्यात खाली मान घालून जावं लागेल. शेजारी राहायचंय, ताई, कशाला?" मेधा थांबली. "तू त्यांना क्लिपचं काय सांगितलंस ते मला माहीत नव्हतं. सुरतेला जाताना त्यांनीच सांगितलं, हसून."

"अजून एक," ती म्हणाली. "काम झाल्यावर मी त्यांना मुलींच्या पंगतीत बसवलं. भात नि उडदाचं वरण होतं, नागलीची भाकर होती. एका मुलीनं दुसऱ्यांदा भात वाढला तर हे ताटाकडेच बघत बसले. मी विचारलं, तिखट लागलं का? तर म्हणाले, नाही, ही गेल्यापासून दुसऱ्यांदा कोणी वाढलं नव्हतं."

आमच्या दोघांच्या दारांमध्ये सात पावलं होती. इतक्या वर्षांत मी अण्णांना चहा दिला, तोही पार्किंगमध्ये, उभ्या उभ्या. जेवायला या असं एकदाही म्हणालो नव्हतो.

दुसऱ्या दिवशी सकाळीच सुरतेला फोन लावला. माफी मागायची असं ठरवून वाक्यं जुळवली होती. अण्णांचा "कोण?" ऐकला आणि सगळी विसरलो.

"अण्णा, मी बोलतोय. नाशिकहून, समोरच्या घरातला. तुम्ही आमच्याकडे जेवायला या."

पलीकडून काळजीचा आवाज आला. "काय झालं? कोणी गेलं का?"

"नाही हो, सगळे ठीक आहेत."

"मग कार्य काय आहे?"

"कार्य काही नाही अण्णा. असंच."

"असंच?"

"हो. असंच."

मग फोन मुलीकडे गेला. ती बिचारी हळू आवाजात सांगू लागली की डॉक्टरांनी प्रवास पूर्ण बंद केलाय, आता घरातल्या घरातच चालतात, तुम्ही आठवण काढलीत हेच खूप. मी हो हो म्हणत होतो, पण माझं लक्ष तिच्या बोलण्याकडे नव्हतं. तिच्या मागे, खोलीत कुठेतरी, अण्णा कोणाला तरी सांगत होते. नातवाला असेल, नाहीतर जावयाला.

"नाशिकहून फोन आहे. जेवायला बोलावतायत मला. नाही रे, काही नाही, असंच."