मशीनचं पुस्तक

प्रशिक्षणाहून परतल्यापासून शाळेच्या ग्रंथपालबाईंचा उत्साह नुसता उतू जात होता. पुस्तकं खाकी कागदात गुंडाळून द्यायची, आत काय आहे ते सांगायचं नाही, म्हणजे मुलं उत्सुकतेपोटी वाचतात, असं तिथल्या मॅडमनी शिकवलं होतं. उपक्रम बघायला त्या स्वतः शाळेत येणार होत्या. बाईंनी पुस्तकांचा ढीग घरी नेला, जेवणाच्या टेबलावर रचला आणि नवऱ्याला कामाला जुंपलं. त्याने समोर येईल ते गुंडाळलं.

पुस्तकं मुलांना वाटली गेली आणि आठवड्याने मॅडम आल्या. मुलं गोल करून बसली, एकेक जण उठून आपल्या पुस्तकाबद्दल सांगू लागला आणि नेमका बाईंचा फोन वाजला. त्या दाराशी सरकल्या.

"अगं, वॉशिंग मशीनचं दार उघडेना," नवरा रडकुंडीला आला होता. "माझ्या सगळ्या पँट्स आत आहेत! मशीनचं पुस्तक कुठंय?"

"टेबलावर होतं की."

"मग तेही मी गुंडाळलं वाटतं."

बाईंनी मुलांवरून नजर फिरवली. एक पातळ, गुळगुळीत पुस्तक छातीशी धरून भिंगरी बसली होती. एका जागी न टिकणारी, कुठल्याही पुस्तकाच्या दुसऱ्या पानावर कधी न गेलेली भिंगरी! आठवडाभर ती कोपऱ्यात गप्प बसायची, तेव्हा पोरीला बरं नसावं असंच बाईंना वाटलं होतं.

"भिंगरी, तू नंतर सांग हं," बाई घाईघाईने म्हणाल्या. पण ती उभी राहिलीसुद्धा.

"माझ्या पुस्तकात एक मशीन आहे. ते सारखं बिघडतं. कधी पाणीच घेत नाही. घेतलं तर सोडत नाही. एकदा तर थडथडत चालायलाच लागतं! दर वेळी वाटतं, आता संपलं सगळं. पण काहीतरी उपाय सापडतोच."

मुलं कान टवकारून ऐकत होती.

"आणि दार अडकलं तर?" बाईंच्या तोंडून निसटलं.

"आधी प्लग काढायचा. खाली डावीकडे झाकण असतं, त्याच्यामागची नळी ओढून पाणी बादलीत सोडायचं. मग दार उघडतं."

थोड्या वेळाने बाईंच्या हातातला, अजून चालूच असलेला फोन ओरडला, "उघडलं! उघडलं गं!"

मॅडमनी चमकून पाहिलं. "हे कोण?"

"माझे... घरचे," बाई पुटपुटल्या.

"घरचेही सहभागी? वा!" मॅडम म्हणाल्या आणि त्यांनी टाळ्या वाजवल्या.

मग मात्र बाईंना राहवेना. त्यांनी सगळं खरं सांगून टाकलं. मॅडम डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या.

शाळा सुटल्यावर भिंगरी परत आली. "बाई, आता दुसरं द्या."

बाईंचा हात कपाटाशी थबकला. मग त्यांनी गोष्टींचं एक जाडजूड पुस्तक काढलं.

भिंगरीने ते उलटसुलट करून पाहिलं. "ह्यात काय बिघडतं?"

"ह्यात ना, एक राजा बिघडतो."

"मग दुरुस्त होतो?"

"वाचून बघ," बाई म्हणाल्या. भिंगरी तिथेच जमिनीवर बसली आणि तिने पुस्तक उघडलं.