कोळश्याचा कान

या व्यवहारात केवलरामांची नेहरू नगरच्या खासगी, काचेच्या पशुदवाखान्याची पूर्ण फी वाचणार होती. शिवाय कुत्रा जगला तर मुलगी टीना पुन्हा जेवू लागणार होती. तोट्याची बाब एकही नव्हती. निदान सकाळी तरी.

पोलादाच्या प्लांटात उभी नोकरी काढलेल्या केवलरामांना औषधपाण्याला पैसे मोजणे असभ्य वाटे. आईचा मोतीबिंदू, बायको रंभाचे गुडघे, स्वतःचा खोकला, सगळे प्लांटच्या इस्पितळाच्या कार्डावर फुकट झाले होते. पण कार्डावरच्या अवलंबितांत कोळश्याचे नाव नव्हते, आणि कोळश्याला कालपासून पाणीही गिळवत नव्हते. काचेच्या दवाखान्यातल्या मुलीने "बेबी को क्या हुआ?" असे लाडाने विचारले. मग तपासणी, रक्त, सोनोग्राफी आणि नखांची निगा मिळून असा आकडा सांगितला, की केवलरामांनी बेबीला काखेत मारून सरकारी जनावरांचा दवाखाना गाठला.

तिथे नोंदणीच्या टेबलावर नागपूरकडचे आनंदराव बाबू भेटले. आपल्या बोलीचा माणूस पाहून केवलरामांना धीर आला.

"भाऊ, आज बकऱ्यायचं शिबिर हाये. कुत्र्याचा रकानाच नाही."

"मंग बकरी लिवा ना. पाय तं चारच हायेत."

"नर का मादी?"

"नर."

"नराले योजना नाही."

"मंग मादी लिवा. पोरगी घरी रडून राहिली, बापा!"

"दूध?"

"आजारी हाये. कुठून देईन?"

डॉक्टरसाहेबांनी कागद पाहिला, कोळश्याला पाहिले आणि कागदावर विश्वास ठेवला. जबडा उघडून त्यांनी घशात अडकलेले कोंबडीचे हाड चिमट्याने काढले. 'चाऱ्यात हाड आढळले,' अशी नोंद झाली. नियमाप्रमाणे कानात पिवळा बिल्ला ठोकला गेला. कोळश्या भुंकला. 'आवाजात सुधारणा,' अशीही नोंद झाली.

त्या रात्री टीना पोटभर जेवली. फुकटात झाले म्हणून केवलरामही.

मग योजनेतून पशुखाद्याचे पोते आले. "हे कोन खाईन? तुमी?" रंभाने विचारले. पुढे, बिल्लाधारी बकरी अजून व्यायली कशी नाही, याची खात्याला काळजी वाटली आणि एक दणकट बोकड दारात उतरला. कोळश्याने त्याला पाहिले आणि पलंगाखाली घर केले. बोकडाने सोसायटीचे अध्यक्ष जानराव यांची शेवंती मुळासकट खाल्ली.

जानरावांनी नोटीस दिली: कुत्रा चालेल, बकरी चालणार नाही, काढून टाकावी.

"अध्यक्षसाहेब, हा कुत्राच हाये. पाहा ना, भुकून राहिला."

"भुकन्याले काय, मीही भुकतो. कानात बिल्ला बकरीचा हाये. कुत्रा असल्याचं सर्टिफिकेट आना."

केवलराम आनंदरावांकडे धावले. आनंदरावांनी चष्मा पुसला. "कुत्र्याचा रकाना नाही म्हनलं होतं ना? बकरीले कुत्रा करता येत नाही इथं. संध्याकाळी आपले साहेब नेहरू नगरात बसतात. तिथं कुत्रे असतात."

काचेमागे तेच साहेब बसले होते. सकाळच्या नोकरीतल्या बकरीला त्यांनी संध्याकाळच्या नोकरीत लगेच कुत्रा म्हणून ओळखले.

"क्या प्यारा डॉगी है! सर्टिफिकेट दूँगा. पर जाँच तो पूरी होगी."

तपासणी झाली, रक्त झाले, सोनोग्राफी झाली. नखेही झाली. बिल्ला काढताना कान फाटला, त्याचे टाके वेगळे.

अखेरचा हिशेब असा: केवलरामांनी आधी वाचवलेली फी टाक्यांसकट भरली, कोळश्याने अर्धा कान भरला, जानरावांनी शेवंती. मात्र दवाखान्याच्या दफ्तरातली बकरी कोणीही काढून टाकली नाही. तिथे ती धडधाकट आहे, मार्चअखेरीस तिला दोन करडेही झाली. जिल्ह्यात बकऱ्या वाढल्याची बातमी आपण चहाबरोबर वाचलीत आणि समाधानाने मान डोलावलीत. त्या करडांचे खाद्य आपल्याच खिशातून जाते.