जवळची हवा वजा करून

जे जवळ असते ते मोजण्याच्या लायकीचे नसते, हे शास्त्राचे पहिले तत्त्व आहे. दूरच्या ग्रहाचा प्रकाश दुर्बिणीत पोचतो तो आपल्याच हवेतून गाळून. म्हणून आपल्या हवेचा हिस्सा त्यातून आधी वजा करावा लागतो. उरतो तो ग्रह. या वजाबाकीसाठी वेधशाळेत स्वतंत्र विभाग आहे, सतरा कर्मचारी आहेत (त्यांपैकी दोघांना बेरीजही येते) आणि बावीस वर्षे खुर्चीला चिकटलेले एक प्रमुख आहेत. त्यांना सगळे 'वजाबाकीसाहेब' म्हणतात. तोंडावर अर्थातच नाही.

साहेबांनी अशाच एका दूरच्या ग्रहाचे तापमान अर्ध्या अंशापर्यंत अचूक काढले. वारा निघाला सेकंदाला दोन किलोमीटर, पूर्वेकडे. हे गणित चालू असताना विभागातला पंखा कागद उडवत होता आणि सतरा जण त्यावर पेपरवेट ठेवत पळत होते. पण पंख्याच्या त्या वाऱ्याची नोंद कुठेही सापडणार नाही.

घरी आईच्या खोलीची खिडकी महिनाभर नीट मिटत नव्हती. आईला खोकला धरला होता. "अरे, वारा लागतो रे," ती म्हणे. "आलोच," साहेब म्हणत. त्यांनी हयगय केली असे मात्र कोणी म्हणू नये. एकाच निरीक्षकाचे म्हणणे ग्राह्य नसते, म्हणून त्यांनी बायकोलाही विचारले. "लागतोय वारा. सुतार बोलवा आधी," ती म्हणाली. दोन्ही निरीक्षणे तंतोतंत जुळली. परंतु दोन्ही निरीक्षक घरातलेच निघाल्याने दोघींना नियमानुसार वजा करण्यात आले.

ग्रहाचा अहवाल मंजूर झाला त्या संध्याकाळी साहेब तो घेऊन थेट आईच्या खोलीत शिरले. आई डोक्यावरून शाल घेऊन बसली होती.

"आई, तिकडचा वारा सापडला! सेकंदाला दोन किलोमीटर!"

"अगं बाई! आणि राहतं कोण तिथे?"

"कोणीच नाही."

"बरं आहे. खोकायला तरी कोणी नाही," असे म्हणून आई खोकली.

साहेबांना मेल्याहून मेल्यासारखे झाले. त्यांनी खिडकीच्या फटीशी हात धरला. वारा होता, आणि चांगला बोचरा होता. फट बुजवायला हाताशी कागद एकच होता. त्यांनी मंजूर अहवालाच्या चार घड्या घातल्या आणि तो फटीत ठोकून बसवला. (विभागाचा अहवाल उपयोगी पडल्याची ही पहिलीच वेळ.) आईला त्या रात्री शांत झोप लागली.

वाचकांना साहेबांचे हसू आले असेल, तर तेवढे वजा करावे. मघाशी पलीकडच्या खोलीतून हाक आली, तेव्हा "आलोच" म्हणून तुम्ही हे वाचत बसलात.