वाढत्या अंगाचं

आप्पा टेलर माणसाला रामराम घालत नसत, माप घेत. गळ्यातली टेप सापासारखी सुटायची आणि आपण "काय आप्पा" म्हणेपर्यंत छाती, कंबर, उंची त्यांना तोंडपाठ. एकदा मंत्र्यांना हार घालायला पुढं केलं, तर हार राहिला बाजूला. म्हणाले, "सायेब, डावा खांदा उतरलाय तुमचा. कोटवाल्यानं फसवलंय की." जोतिबाच्या गर्दीत हरवलेली म्हातारी त्यांनी नुसत्या पाठीच्या मापावरून शोधून काढली, हे मी शपथेवर सांगतो. खोटं वाटलं तर निम्मं धरा.

जून आला की आमच्या वारणाकाठच्या गावातल्या आया पोरांना घेऊन त्यांच्याकडं. "आप्पा, वाढत्या अंगाचं शिवा." मग आप्पा चड्डी-फ्रॉकला आत चार बोटं दुमड ठेवत, पुढल्या वर्षी उसवायला.

नव्वदनंतरच्या एका जूनमध्ये तसल्याच कपड्यांचं बोचकं घेऊन आप्पा माझ्या दारात. मी दूध संस्थेचा सेक्रेटरी. संकलनात आमचं गाव तालुक्यात पहिलं; टँकर गेला की मी आरशात स्वतःलाच नमस्कार करायचो.

"सेक्रेटरी, एकाचीबी दुमड उसवाय लागली न्हाई. पोरं वाढल्यालीच न्हाईत."

"कापड ताणलं आसंल."

"कापड आटतंय, ताणत न्हाई. गावचं दूध जातंय कुठं?"

"डेअरीला."

"आनि पोरास्नी?"

पोरांना कोरा चहा. माझ्या वर्षाच्या सुजितलासुद्धा. सेक्रेटरीच्याच घरात दूध राहिलं तर गावाला काय सांगायचं?

आप्पांचं मागणं एवढंच, की डेअरी, पंचायत आणि अंगणवाडीच्या ताई यांनी एकदा एकत्र बसावं. मी म्हणालो, "आप्पा, तुमी कापडं शिवा. गाव आमी शिवतो." ओसरीवरची माणसं हसली, मीही हसलो. आप्पांनी बोचकं उचललं.

बसलो आम्ही, पण चार वर्षांनी, गावाला बाई सरपंच मिळाल्यावर. तिनं सगळ्यांना आप्पांच्या दुकानातल्या एका बाकड्यावर कोंबलं. ज्याच्या घरी लहान पोर, त्याचं अर्धा लिटर दूध डेअरीनं घ्यायचंच नाही. अंडी पंचायतीची. वजन ताईंनी करायचं, उंची आप्पांनी. आमचा पहिला नंबर गेला, आणि आप्पा दुमडी उसवत गल्लीभर सांगत सुटले, "आलं, बोटभर वर आलं."

ताई म्हणायच्या, पहिल्या दोन वर्षांत राहिलं ते पुढं भरून निघणं कठीण. सुजित तेव्हा पाच वर्षांचा होता.

पुढं तो मिलिटरी भरतीला गेला. पळायला वाघ, पण उंचीच्या दांड्याखाली दोन बोटं कमी पडला. घरी आला आणि पळायचे बूट माळ्यावर टाकून दिले.

मी आप्पांच्या दुकानात गेलो, शिव्या खायलाच गेलो. "बोला की आप्पा. तुमी तवाच सांगितलं हुतं."

आप्पा मशीनच्या सुईत दोरा घालत होते. "माझंच चुकलं, सेक्रेटरी. त्या दिवशी तुमी हसला आनि मी उठून गेलो. तुमच्या पायरीवर बसून ऱ्हायाला पायजे हुतं. पोर तुमचं, पर माप मी घेतल्यालं हुतं की."

दोरा काही जात नव्हता. मी त्यांच्या हातून घेतला आणि ओवायला बसलो. मलाही नीट दिसेना.