चुन्याची डबी आणि पाड्याचा नळ

सरकारी नळ कुठं बसवायचा ते पाड्यानंच ठरवायचं, असं पाणीवाल्या संदेश साहेबांनी सांगितलं आणि "मग नकाशा आमच्या अंगणात काढू," असं भूमिका बोलून गेली. डोळखांबकडच्या पाड्यावर ग्रॅज्युएट सून म्हणून आल्यावर एवढं तरी बोलावं लागतं. मनात मात्र एकच, नळ आपल्या दाराशी यावा आणि विहिरीचा चढ सुटावा. (हे तिनं नवऱ्यालाही सांगितलं नव्हतं. तो गावभर करतो.)

सारवलेल्या अंगणात रांगोळीनं रस्ते निघाले. प्रत्येक घराच्या जागी भाताच्या दाण्यांची चिमूट, आणि नळ म्हणून सासूबाईंची, म्हणजे ताराबाईंची, चुन्याची डबी. ती डबी काही एका जागी राहीना. लडकूमामांनी आपल्या घराकडं सरकवली, की देवकीकाकू आपल्याकडं.

"मामा, नळ हाय तो. म्हशीगत वढू नका," काकू म्हणाल्या.

"मग तू काय करतेस? धार काढतेस?"

शेवटी देवळापाशी एकमत झालं. साहेबांनी फोटोसाठी मोबाइल उचलला, तोच ताराबाईंची कोंबडी आली आणि लडकूमामांचं घर टिपायला लागली.

"ताराबाय, तुमच्या कोंबडीनं माझं घर खाल्लं गो." मामांनी टोपी भिरकावली.

भूमिका (ही ताटली पडली तरी दचकते) ताडकन उडाली. पाय डबीला लागला. डबी गरगरत गेली आणि नेमकी तिच्याच घराच्या चिमटीवर बसली. तेवढ्यात फोटो निघाला.

"साहेब, दुसरा काढा ना."

"अपलोड झाला, ताई. लोकसहभाग एकदाच अपलोड होतो."

मग देवकीकाकू म्हणाल्या, "शिकलेली हाय बाय. आमी हातानं वढत बसलो, हिनं पायानं आणला."

नळ खरंच दारात आला. आता पहाटे कोंबड्यांच्या आधी हंडे वाजतात आणि भूमिका अंथरुणात दचकते. पाड्याचा संशय फिटावा म्हणून ताराबाईंनी नियम घातलाय, "आपुन घरचे. आपला हंडा शेवटी." शेवटची पाळी येईपर्यंत पाणी जातं. शिवाय रांगेतल्या बायांना चहा द्यावा लागतो, आणि चहालाही पाणी लागतं.

म्हणून भूमिका कळशी घेऊन विहिरीवर जाते. तिथं आता चिटपाखरू नसतं. वाटेत ओट्यावरून लडकूमामा तेवढे विचारतात, "काय गो सूनबाय, आज पायानं नाय आणत?"