वाफ ऐकणारे डॉक्टर

शहागंजच्या भाजीबाजारात कुणी "ए वाफ, इकडं ये" अशी हाक मारली, की मी मेथीची जुडी खाली ठेवून मुकाट्यानं वळते. हे माझं नाव नाही. पण हमीद डॉक्टरांच्या लेखी मी गेली पस्तीस वर्षं वाफच आहे.

डॉक्टरांना माणसांची नावं लक्षात राहत नाहीत, आवाज राहतात. स्टेथोस्कोप छातीला लावला की ते डोळे मिटून असे ऐकत बसतात, जसे काही कव्वालीला आलेत. मग केसपेपरवर इंग्रजीत काय लिहायचं ते लिहून त्याखाली आपल्या भाषेत आवाजाचं वर्णन करतात. गंगापूरच्या ऊसवाल्या काकडे पाटलांच्या छातीत "फुंकर". अत्तरवाल्या रफीकचाचांच्या फुप्फुसात "पुंगी". माझ्या कागदावर लिहिलंय, "कुकरची शिट्टी व्हायच्या आधीची वाफ." माझ्या लग्नात त्यांनी स्टेजवर येऊन नवऱ्याला भर मांडवात विचारलं, "वाफेला जपशील ना?" सासरची मंडळी माझ्याकडं बघायला लागली.

तपासताना पंखा बंद. मे महिन्यातसुद्धा. बाहेर रिक्षावाल्यानं हॉर्न दिला तर स्वतः उठून जात आणि हात जोडून सांगत, "भाई, एक दिल सुन रहा हूँ, दो मिनट." रिक्षावाले थांबतही.

मी नऊ वर्षांची असताना सांधे सुजून ताप आला होता. अशक्तपणा आहे, टॉनिक पाजा, असं दोन डॉक्टरांनी सांगून झालं होतं. हमीद डॉक्टरांनी पंखा बंद केला आणि माझ्या हृदयाच्या झडपेतून रक्त मागं गळतंय, हे नुसत्या कानांनी पकडलं. तेव्हापासून औषध चुकलं नाही, म्हणून आज मी दोन मुलांची आई आहे आणि चाळीस पोरांचा वर्ग सांभाळते आहे. त्या कानांचे उपकार मी कुठं फेडणार?

तीन वर्षांपूर्वीची गोष्ट. नेहमीसारखी दाखवायला गेले. त्यांनी नेहमीपेक्षा जास्त वेळ ऐकलं. मग नळी काढली आणि त्यांचा चेहरा उजळला.

"गेली," ते म्हणाले. "बेटा, वाफ गेली. एकदम साफ."

आईनं पैठणला जाऊन नाथांचा जुना नवस फेडला आणि गल्लीत पेढे वाटले. नवऱ्यानं गोळ्यांचा डबा कपाटावर टाकला. मी दौलताबादचा किल्ला चढायचं ठरवून चांगले बूटही घेऊन आले.

चौथ्या दिवशी सकाळी हमीद डॉक्टर दारात. दोन जिने चढून धापा टाकत होते. बसा म्हटलं तरी बसले नाहीत.

"गोळ्या बंद केल्यास?"

"कालपासून."

"नक्को. आत्ता घे. वाफ कुठंच गेली नाही. माझे कान गेलेत."

त्यांचा हिशेब सरळ होता. माझ्यानंतर दोनच दिवसांत काकडे पाटलांची फुंकर गेली, पाठोपाठ रफीकचाचांची पुंगी. "एका हप्त्यात तीन माणसं बरी झाली," ते म्हणाले. "एवढा मोठा डॉक्टर मी नाही." बोललेलं त्यांना कळत होतं. बारीक आवाज तेवढे गेले होते, आणि कधी गेले ते कळलंच नव्हतं.

मग त्यांनी वर्षभराचे केसपेपर पिशवीत भरले, रिक्षा केली आणि घरोघरी सांगत सुटले, "माझ्यावर भरवसा ठेवू नका, दुसऱ्याला दाखवा." स्वतःचा दवाखाना बुडवायला दारोदार फिरणारा डॉक्टर शहागंजानं पहिल्यांदाच पाहिला. काकडे पाटील तर वैतागले.

"डॉक्टरसाब, आमी लई लांबनं येतो. अंदाजानं सांगा की."

"अंदाजानं शिऱ्यात साखर टाकतात, पाटील."

त्यांनी श्रवणयंत्र लावून पाहिलं. पण ते कानात असलं की स्टेथोस्कोपची नळी बसेना, आणि नळी घालायची तर यंत्र काढावं लागे. शेवटी तपासणंच सोडलं. दवाखाना रोज उघडत, आलेल्याला चहा पाजत आणि दुसऱ्या डॉक्टरच्या नावानं चिठ्ठी देत. वर्षभर हेच चाललं. पंखा मात्र आता दिवसभर चालू असे, ते मला बघवत नसे.

मला ज्या डॉक्टरीणबाईंकडं त्यांनी पाठवलं, त्यांच्याच टेबलावर मला डिजिटल स्टेथोस्कोप दिसला. छातीचा आवाज हवा तेवढा मोठा करून देणारा, हेडफोन जोडता येणारा. ऐकू कमी येणाऱ्या डॉक्टरांनाही चालतो, असं बाई म्हणाल्या. मी घरी पोचायच्या आधीच काकडे पाटलांना फोन लावला. त्या हप्त्यात "बरे झालेले" आम्ही तिघं एक झालो आणि तसाच एक मागवला.

डॉक्टरांनी तो उलटसुलट करून पाहिला. "चार्जिंगवर चालतं ते खेळणं," म्हणाले. "दिल म्हणजे काय मोबाईल आहे?"

रफीकचाचा म्हणाले, "साब, हम तीनों को फिर से बीमार कर देव, बस."

त्यावर डॉक्टर हसले. काकडे पाटील आणि चाचा बाहेर जाऊन बसले. डॉक्टरांनी उठून पंखा बंद केला, टोपीवरून तो भलामोठा हेडफोन चढवला आणि यंत्र माझ्या छातीला लावलं. आवाजाचं बटण एकदा दाबलं, दोनदा दाबलं. त्यांचा चेहरा हलेना. आज ऐकू आलं नाही तर हा माणूस पुन्हा कुणाच्या छातीला यंत्र लावणार नाही, हे मला कळत होतं.

पाचव्या वेळी बोट थांबलं.

"आहे," ते म्हणाले. मग जरा वेळानं, "आहे बेटा. होती तेवढीच आहे."

दुखणं सापडलं म्हणून डॉक्टर आणि पेशंट दोघांच्याही डोळ्यांत पाणी, असं त्या खोलीत कधी झालं नसेल. मला वाटलं, आता हेडफोन काढतील. त्यांनी काढला नाही. डोळे मिटूनच बोलायला लागले.

"बेगम गेली, लेक हैदराबादला. घरी गेलो की आवाज नाही. मग दिवसभरात ऐकलेलं एकेक आठवत बसायचो, कुणाचं कसं चाललंय. तेवढीच माणसं असायची घरात. या वर्षी तीही नव्हती."

"ऐका, डॉक्टरसाहेब," मी म्हणाले. "मला घाई नाही."

काकडे पाटलांची गंगापूरची गाडी निघायची वेळ झाली होती. त्यांनी दार ढकलून आत पाहिलं आणि पुन्हा लोटून घेतलं. मी शक्य तितका संथ श्वास घेत बसून राहिले.