न टेकलेला खांब

नाना दीक्षितांच्या ओसरीवरचा खांब छताला टेकत नाही. मधे चांगली वीतभर फट आहे. इंदिरानगरातल्या आमच्या गल्लीत कुणीही नवा माणूस आला, कुरिअरवाला असो की गॅसवाला, तो मान वर करून आधी हेच विचारतो, "काका, खांब पुरला नाही का?" झालं! नाना हातातलं काम टाकून बाहेर येतात. "अहो, तो खोटाच आहे! पण खोटेपणा लपवतोय का? खोटं बोलावं, पण उघड उघड. ह्याला म्हणतात पोस्टमॉडर्न!"

गॅसवाला बिचारा सिलिंडर ठेवून पळ काढतो.

मी समोरच राहते. शाळेतून निवृत्त झाल्यापासून माझा सकाळचा चहा त्या खांबाकडे बघत होतो. खांब गुलाबी आहे, हेही सांगून टाकते. कमरेच्या उंचीवर त्याला उठावदार कमळांचा पट्टा आहे, पंचवटीतल्या कुठल्याशा देवळातून उचललेला. त्याखाली परदेशी पद्धतीच्या उभ्या खाचा. सुरुवातीला तर मी खुर्ची फिरवून बसायचे.

पहिल्यांदा हळदीकुंकवाला आत गेले तेव्हा मला गरगरलंच. एका दाराच्या चौकटीवर दगडी घंटा, दुसरीवर मशिदीसारख्या छोट्या छोट्या कमानी, तिसरीवर द्राक्षांचे घड. ओसरीला खरखरीत शहाबादी, मधल्या खोलीत मोझॅक, पुढे गुळगुळीत लादी. आणि गंमत म्हणजे सगळी नक्षी हाताच्या उंचीवर. वर बघावं तर भिंत कोरी. मला वाटलं, कारागीर कंटाळून निघून गेला असेल.

"नाना, हे घर आहे की प्रदर्शन?" मी विचारलंच. माझ्या पोटात काही राहत नाही.

"मालतीताई, आधुनिकवाल्यांनी काय केलं माहितीये? घरांच्या काडेपेट्या केल्या. सरळ, पांढऱ्या, मुक्या. जुनं सगळं पुसून टाकलं. मग आमच्यासारखे आले. आम्ही म्हटलं, देऊळ घ्या, मशीद घ्या, सिनेमाचं थिएटर घ्या, हसा, खेळा, पण घर बोललं पाहिजे!"

घर बोललं पाहिजे, हे त्यांचं पालुपद. कुणाच्याही मुंजीत जेवायला बसलेल्या माणसालाही ते हे ऐकवायचे. त्याचा जिलबीचा घास हातातच राहायचा.

आणि एवढा मोठा आर्किटेक्ट आयुष्यभर करत काय होता, तर अंबडच्या कारखान्यांच्या शेड काढत होता. चार भिंती आणि वर पत्रा. एकदा मी डिवचलं, "असलं बोलकं घर दुसऱ्या कुणाला का नाही हो बांधून दिलंत?" ते नुसतं हसले. म्हणाले, "दुसऱ्या कुणाला त्याचा उपयोग नाही."

सुमनवहिनींबद्दल, म्हणजे नानांच्या बायकोबद्दल, माझं मत काही बरं नव्हतं. मी फाटकातून हात करायचे आणि ही बाई माझ्याकडे बघून न बघितल्यासारखं करायची. एवढा कसला मेला तोरा! पण मी तोंड उघडलं की लगेच, "या ना मालतीताई, चहा टाकते." बाहेर पडायची ती नानांचा दंड धरून, आणि दिवेलागणीनंतर कधीच नाही. गल्लीतल्या बायका त्यांना नवं जोडपं म्हणून चिडवायच्या. चिडवण्यात मीही पुढेच असायचे.

गेल्या दिवाळीच्या आधी नानांच्या छातीत दुखायला लागलं. त्यांना दवाखान्यात ठेवलं. मनमाडहून पुतण्या आला, प्रकाश. रेल्वेत आहे, वर्षातून एखादी चक्कर मारणारा, पण मनाने सोन्यासारखा. डॉक्टरांनी घरात धूळ नको म्हटलं, एवढं त्याला पुरलं.

"मावशी, काका यायच्या आत हे घर माणसांत आणतो," तो मला म्हणाला. "ही धूळ साठवणारी नक्षी सगळी काढायची, भिंती साफ, वर पांढरा रंग. काकांना एकदम सरप्राईज!"

वहिनी म्हणाल्या, "प्रकाश, कशाला हात लावू नकोस. त्यांना विचारल्याशिवाय नको."

"काकू, काका कधी हो म्हणतील का? काढलं की त्यांनाच बरं वाटेल बघा."

दुसऱ्या दिवशी सकाळी गवंडी छिन्नी-हातोडा घेऊन हजर. मी डबा घेऊन गेले होते, ओसरीवरच उभी होते. पहिला घाव खांबावर. कमळाची एक पाकळी उडून फरशीवर पडली.

त्या आवाजाने वहिनी आतून आल्या. इतक्या भरभर येताना मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं.

"थांबव ते! कमळ गेलं तर मला पायरी सापडायची नाही रे."

गवंड्याचा हात वरच राहिला. प्रकाश म्हणाला, "म्हणजे?"

"मला दिसत नाही, प्रकाश. घर बांधायला काढलं तेव्हाच डॉक्टरांनी सांगितलं होतं, हळूहळू सगळं जाईल. आता उजेड आणि अंधार, एवढंच कळतं." त्यांनी खांबावर हात ठेवला, मग तिथून आतल्या चौकटीवर नेला. "कमळ संपलं की पायरी. घंटा लागल्या की देवघर. कमानी म्हणजे न्हाणीघर, द्राक्षं म्हणजे स्वयंपाकघर. ह्यांनी सगळं माझ्या हाताला लावून बघितलं, मगच बसवलं. आता हे सपाट केलंस तर मी माझ्याच घरात हरवेन."

मला रागच आला. "अहो, मग इतकी वर्षं बोलला का नाहीत? आम्ही काय परके होतो?"

"ताई, तुम्ही सगळ्यांनी मला बिचारी म्हटलं असतं. मी ह्यांना सांगितलं होतं, मला बिचारी होऊन राहायचं नाही. तर हे म्हणाले, मग मला येडा होऊ दे."

त्यांना दिसणार नाही म्हणून मी खुशाल रडत होते. तर म्हणतात कशा, "ताई, पदराला नाक पुसू नका. आत रुमाल आहे."

गवंड्याने ती पाकळी सिमेंटने परत बसवली. प्रकाशने ती वाळेपर्यंत स्वतः धरून ठेवली होती.

नाना घरी आले तेव्हा मी आमच्या फाटकात उभी होते. प्रकाशचा हात धरून ते ओसरीवर चढले आणि आधी खांबापाशी थांबले. पाकळीचा सांधा त्यांना लगेच दिसला. त्यांनी प्रकाशकडे पाहिलं, दारातल्या वहिनींकडे पाहिलं, मग रस्त्यापलीकडे माझ्याकडे. सगळं उघड झालंय हे त्यांना कळलं. आजारपणात उतरला नव्हता इतका त्यांचा चेहरा तेव्हा उतरला.

मला खूप बोलायचं होतं. नाना, तुमच्यासारखा माणूस पाहिला नाही, असं काहीतरी. पण मी ते म्हटलं असतं तर वहिनी त्याच क्षणी बिचारी झाल्या असत्या. म्हणून मी घसा साफ केला आणि सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशी ओरडले, "काय हो नाना, एवढे दिवस आराम करून आलात, तरी खांब काही पुरला नाही वाटतं!"

नानांनी मान वर करून त्या फटीकडे पाहिलं. मग म्हणाले, "अहो, तो खोटाच..."

वहिनी हसल्या. एक हात कमळावर ठेवून त्यांनी दुसरा वर केला आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा मला हात केला. जरा चुकला तो. आमच्या फाटकाऐवजी शेजारच्या विजेच्या खांबाकडे गेला. मी चार पावलं सरकले आणि त्या विजेच्या खांबापाशी जाऊन उभी राहिले.